खानझोडे साहेबांचं गुळगुळीत तळं

भोपाळच्या गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यात सुभाष खानझोडे यांनी चौतीस वर्षं नोकरी केली आणि चौतीस वर्षांत एकही वस्तू बनवली नाही. आळशी होते अशातला भाग नाही. त्यांचं कामच तसं होतं. दुसऱ्याने बनवलेला नग हातात घ्यायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा, कडेवरून अंगठा फिरवायचा आणि ‘पास’ किंवा ‘रिजेक्ट’ एवढंच म्हणायचं. केसाएवढी कोर राहिली असली तरी त्यांच्या अंगठ्याला कळायची. लेथवरचे कारागीर त्यांना पाठीमागे ‘रिजेक्ट साब’ म्हणत. सुभाषरावांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

घरी मात्र ही हुकूमत चालली नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी सुलभाताईंची पोळी उजेडासमोर धरून जाडी सगळीकडे सारखी नसल्याचा शेरा दिला होता. सुलभाताईंनी लाटणं त्यांच्या हातात ठेवलं आणि वाचायला वर्तमानपत्र घेतलं. त्या दिवशी खानझोडे दांपत्य ज्या आकाराच्या पोळ्या जेवलं, त्या आकाराला भूमितीत नाव नाही. पुढे स्वयंपाकघरात कधी तपासणी झाली नाही.

दोघांचीही घराणी मूळची नागपूरकडची. सरकारी कचेऱ्या भोपाळला हलल्या तेव्हा दोघांचे आजोबा फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर इकडे आले आणि इकडचेच झाले. सुलभाताई स्वतः सरकारी खात्यात. त्यांची निवृत्ती अजून वर्षभर लांब होती, म्हणून तुलसी नगरचं क्वार्टरही शाबूत होतं. सुभाषराव मात्र साठीला मोकळे झाले.

निरोपाच्या दिवशी शाल झाली, श्रीफळ झालं, समोसे झाले. तेवढ्यात एक जुना टर्नर हात पुसत पुढे आला आणि हसत हसत म्हणाला, “साब, हमने तो इतने साल में लाखों नग बनाए. आपने क्या बनाया?”

सगळे खळखळून हसले. सुभाषरावही हसले. पण घरी जेवायला बसल्यावर म्हणाले, “सुलभा, तो काही खोटं नाही बोलला.”

तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. आपल्या हातून एक तरी वस्तू घडावी, आणि कुणीतरी जाणत्या, परक्या माणसाने ती तपासून ‘पास’ म्हणावं. बस. या वयात लोक तीर्थयात्रेला निघतात, कुणी होमिओपॅथी शिकतात. सुभाषरावांनी करोंदच्या पलीकडे, धान्यमंडीच्या ट्रकांमधून स्कूटर सोडवली की अर्ध्या तासावर, अडीच एकर जमीन घेतली आणि तिच्यात शेततळं खणायला काढलं.

तळं म्हणजे खड्डा, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या उन्हाळ्यात तिथे यायला हवं होतं. सुभाषरावांनी उतार तपासायला लाकडी त्रिकोण बनवला आणि जेसीबीवाल्याला चार बोटांच्या फरकासाठी तीनदा परत बोलावलं. तिसऱ्यांदा तो माणूस चहासुद्धा न घेता गेला. मग तळ्यात अंथरायची प्लॅस्टिकची पन्नी आली. दुकानदार म्हणाला पाचशे मायक्रॉन. सुभाषरावांनी खिशातून मायक्रोमीटर काढला, चारही कोपरे मोजले, चारशे सत्तर भरले, आणि गुंडाळी आल्या टेम्पोने परत गेली. दुसरी पन्नी त्यांनी सकाळच्या गारव्यात, चार मजुरांना पायमोजे घालायला लावून अंथरली. आजूबाजूच्या तळ्यांत पन्नीला उशीच्या अभ्र्यासारख्या सुरकुत्या असायच्या. या तळ्यात एकसुद्धा नव्हती. चारही बाजू तासल्यासारख्या सरळ, गुळगुळीत, काळ्याभोर. पावसाळ्यात पाणी भरलं तेव्हा सुभाषराव बांधावर उभे राहून कितीतरी वेळ नुसते बघत राहिले.

शेजारच्या शेतातला हरप्रसाद कुशवाह हाही बघत होता. वांगी, कोथिंबीर पिकवणारा, मिशा पांढऱ्या झालेला माणूस. त्याच्याकडे आजोबांच्या वेळचा एक मातीचा डबरा होता. काठ ढासळलेले, गवत माजलेलं, मधोमध एक कुजका बाभळीचा ओंडका.

“कैसा है, हरप्रसाद?” सुभाषरावांनी विचारलं.

“बहोत चिकना है, साब,” हरप्रसाद म्हणाला. सुभाषरावांना ती स्तुती वाटली.

त्याच सुमारास मंडीतल्या बियाणे-व्यापाऱ्यांच्या एका मंडळाने ‘आदर्श तालाब’ निवडण्याची स्पर्धा जाहीर केली. शंभर गुण, त्यातले चाळीस फिनिशिंगला. सप्टेंबरमध्ये, तळी भरलेली असताना, कृषी अभियंता स्वतः येऊन तपासणी करणार. सुभाषरावांनी अर्ज पहिल्याच दिवशी भरला. फिनिशिंगला चाळीस गुण! ही स्पर्धा आपल्यासाठीच काढली आहे, याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

आणि मग बेडूक मरायला लागले.

जुलैच्या शेवटी पहिला दिसला. पोट वर करून कोपऱ्यात तरंगत होता. सुभाषरावांनी जाळीने काढून टाकला. दुसऱ्या दिवशी दोन. आठवड्याभरात अकरा. सुभाषराव चक्रावले. पाणी तपासून आणलं, उत्तम निघालं. पन्नीचा वास घेतला, काही नाही. चौतीस वर्षांच्या सवयीने त्यांनी मग तोच निष्कर्ष काढला जो त्यांच्यासारखा माणूस काढणार. यंत्र ठीक, माप ठीक, तरी नग बिघडतोय, म्हणजे येणारा मालच खराब. हे बेडूक येत होते हरप्रसादच्या डबऱ्यातून.

ते तडक बांध ओलांडून गेले. “हरप्रसाद, तुम्हारे मेंढक कमजोर हैं.”

हरप्रसाद कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होता. त्याचा हात थांबला. “कौन कमजोर हैं?”

“मेंढक. मेरे तालाब में आते ही मर जाते हैं. माल में ही डिफेक्ट है.”

हरप्रसादने डबऱ्याकडे पाहिलं. तिथे ओंडक्यावर, गवतात, चिखलात मिळून तीसेक बेडूक आपापल्या गळ्याचे फुगे करून ओरडत होते. त्याने मान हलवली. “हओ साब,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला, “डाँट देता हूँ इनको.” सुभाषरावांची पाठ वळल्यावर मात्र तो जुड्यांवर पालथा पडून हसला. नंतर कितीतरी दिवस तो ही हकीकत मंडीत सांगत होता.

उत्तर सापडलं ते सुलभाताईंना, आणि तेही काही न करता. रविवारी त्या नवऱ्याबरोबर शेतावर आल्या, बांधावर सतरंजी टाकली आणि शेंगा सोलत बसल्या. समोर पाण्यात एक मोठा बेडूक होता. पोहत काठाला आला, पन्नीवर पुढचे पाय टेकले, अंग वर ओढलं, आणि सर्रकन खाली. पुन्हा आला, पुन्हा खाली. सुलभाताईंची अर्धी टोपली सोलून झाली तरी त्याचं तेच चाललं होतं. शेवटी शेवटी तर तो नुसते पाय टेकून काठाशी लागून राहायचा.

“अहो,” त्या म्हणाल्या, “याला वर येता येत नाहीये.”

“पोहता येतं ना त्याला. बेडूक आहे तो.”

“पोहणार किती? दोन दिवस? तीन? बेडूक काय मासा आहे का? त्याला जमिनीवर यावं लागते. तुम्ही इतकं गुळगुळीत करून ठेवलं की बिचाऱ्याला धरायला जागाच नाही कुठं.”

सुभाषराव उकिडवे बसले. चष्मा कपाळावर सरकवला. बेडूक आला, टेकला, घसरला. त्यांनी हात लांबवून पन्नीवर अंगठा ठेवला. लोण्यासारखी होती. याच गुळगुळीतपणाचा त्यांना एवढा अभिमान होता. त्यांनी जाळी आणून बेडकाला बाहेर काढलं आणि गवतात सोडलं. अकरा बेडूक मालातल्या दोषाने गेले नव्हते. त्यांच्या हातच्या पहिल्यावहिल्या वस्तूने ते मारले होते. त्यांना खरोखरच वाईट वाटलं, आणि थोडी लाजही वाटली, कारण हे त्यांना दिसायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांच्या अंगात इन्स्पेक्टर संचारला. उरलेली पन्नी एका फळीवर ठोकून, तळ्याचाच उतार देऊन, त्यांनी पाण्याच्या टबात उभी केली. हरप्रसादच्या डबऱ्यातून तीन उमेदवार आणले. रजिस्टर उघडलं. नमुना क्रमांक एक : हिरवा-पिवळा, दांडगा, उड्या मारणारा. नमुना क्रमांक दोन : फिकट, हडकुळा, बोटांच्या टोकांना गोल गाद्या. नमुना क्रमांक तीन हा भेक, म्हणजे उड्यांपेक्षा चालणारा जाडा बेडूक होता. पाठीवर चामखिळी, पोट सुटलेलं, उजव्या डोळ्यावर पांढरट डाग, चेहऱ्यावर कायमची नाराजी.

“आमच्या सेक्शनला आहेत असे एक,” कचेरीतून परस्पर शेतावर आलेल्या सुलभाताई त्याच्याकडे बघत म्हणाल्या. “पेन्शनच्या फायली बघतात.”

नमुना दोनने पहिल्याच फटक्यात सगळ्यांची तोंडं बंद केली. कोऱ्या पन्नीवरून तो आरामात चालत वर गेला, रजिस्टरवर बसला, आणि तिथून उडी मारून सुभाषरावांच्या कपाळावरच्या चष्म्यावर. त्याच्या पुढे शेरा पडला : पास. एक आणि तीन मात्र सपशेल नापास. मग सुभाषरावांनी पन्नीवर एकेक वस्तू लावून पाहिली. नायलॉनची दोरी : पाय धरत नाही. हिरवी जाळी : बेडकाचं बोट अडकलं, सुलभाताईंनी कात्रीने सोडवलं, कायमची बाद. दारातलं पायपुसणं : उत्तम, पण भिजल्यावर बुडतं, शिवाय घरून न विचारता आणलेलं. तिसऱ्या दिवशी नमुना तीनने कामबंद आंदोलन केलं. फळीच्या पायथ्याशी तो डोळे मिटून बसला आणि दुपारचे दोन वाजेपर्यंत हललाच नाही. सुभाषरावांनी रजिस्टरात ‘नमुन्याचा असहकार’ असं लिहिलं.

अखेर मंडीतून आणलेली तागाची पोती कामी आली. दुहेरी शिवलेली, आडव्या काथ्याच्या दोऱ्यांना गाठी मारलेल्या. नमुना एक दोन उड्यांत वर. नमुना तीन ढुंगण हलवत, मधे दोनदा थांबून, चाळीस सेकंदांत वर. वर पोचल्यावर त्याने वळून सुभाषरावांकडे पाहिलं, असं सुभाषरावांचं म्हणणं. सुलभाताईंच्या मते तो माशीकडे बघत होता.

तळ्याच्या चारही कोपऱ्यांत अशी चार लांबलचक पोती सोडली गेली, वरून खुंट्या ठोकून, खालून दगड बांधून. दिसायला भयंकर दिसत होती. पैठणीला ठिगळ लावावं तशी. सुभाषराव पहिले आठ दिवस त्या कोपऱ्यांकडे बघायचंच टाळत. पण तीन आठवड्यांत एकही बेडूक मेला नाही. पोत्यांवर शेवाळ धरलं, पाण्यात शेपटीवाली काळी पिल्लं वळवळायला लागली, आणि संध्याकाळी परत निघताना दोन्ही बाजूंनी अशी काही जुगलबंदी सुरू व्हायची की स्कूटर सुरू झाली की नाही हे ऐकू येत नसे.

“अब लगा कि तालाब है,” हरप्रसाद म्हणाला. या खेपेला ती खरोखरच स्तुती होती.

आणि मग मंडळाचा फोन आला. रविवारी सकाळी अकरा वाजता तपासणी.

शनिवारभर सुभाषराव घरात येरझाऱ्या घालत होते. जेवणात लक्ष नाही, टीव्हीत लक्ष नाही. सुलभाताईंनी विचारलं तर म्हणाले, “काही नाही, गुणांचा हिशोब करून राहिलो.” रविवारी ते साडेआठलाच शेतावर पोचले. सुलभाताई हरप्रसादच्या बायकोकडे वांगी तोडायला गेल्या. त्या वळत नाहीत तोच सुभाषरावांनी खुंट्या उपटल्या, चारही पोती ओढून काढली, गुंडाळली आणि पाण्याच्या मोटारीच्या खोलीत ताडपत्रीखाली दडपली. कोपऱ्यांवरचं शेवाळ ब्रशने घासून काढलं. तळं पुन्हा पहिल्यासारखं झालं. काळंभोर, सरळ, देखणं. तासाभराचा तर प्रश्न, त्यांनी स्वतःला सांगितलं. बारा वाजता सगळं पुन्हा जागच्या जागी.

सुलभाताई टोपली घेऊन परतल्या आणि कोपऱ्याकडे बघत थबकल्या.

“काढलं?”

“तासभर गं. लगेच लावतो.”

“ऑडिट असलं की तुमच्या फॅक्टरीतले लोक खराब नग जिन्याखाली लपवायचे. तुम्ही घरी येऊन किती चिडायचात.”

“ते वेगळं होतं.”

“काय वेगळं?”

सुभाषरावांनी हातरुमालाने बुटांवरचा चिखल पुसला. सुलभाताई त्यांना ओळखून होत्या. हा माणूस आयुष्यात कधी लाचेचा चहा प्यायला नव्हता. आज एका ‘पास’साठी पोती लपवत होता, आणि त्या शब्दाची त्याला किती भूक आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि वांगी निवडायला घेतली.

गौरांग श्रीवास्तव नावाचे ते कृषी अभियंते तिशीतले, सौम्य, हातात टॅबलेट घेतलेले. आल्या आल्या त्यांनी बुटांचा चिखल झाडला, मग बांधावर गुडघा टेकला आणि पन्नीवरून तळहात फिरवला. हळूच, कडेकडेने. ते बघून सुभाषरावांचा ऊर भरून आला. याला काम कळतं! गौरांग चारही बाजू फिरले, उतार मोजला, शिवण पाहिली. त्यांच्या मागोमाग सुभाषराव, आणि काय घडतंय ते बघायला आलेला हरप्रसाद.

“सर,” गौरांग म्हणाले, “इस साल मैंने छब्बीस तालाब देखे. ऐसा काम कहीं नहीं देखा. एक सिलवट नहीं. किस कंपनी से करवाया?”

“मैंने ख़ुद बनाया,” सुभाषराव म्हणाले.

“फिनिशिंग में चालीस में से चालीस. परफेक्ट जॉब, सर.” गौरांगनी टॅबलेटवर बोट टेकवलं.

निरोपाच्या दिवसापासून ज्याची वाट पाहिली तो शेरा असा भर उन्हात, सगळ्यांसमोर, स्पष्ट ऐकू आला. सुभाषरावांनी सुलभाताईंकडे पाहिलं. सुभाषरावांचे डोळे पाणावले होते.

तेवढ्यात पाण्यात डुब्ब असा आवाज झाला.

चालणाऱ्यांच्या पायांनी बिचकून गवतातून कुणीतरी उडी मारली होती. सुभाषरावांनी वळून पाहिलं. सुटलेलं पोट, चामखिळीची पाठ, उजव्या डोळ्यावर पांढरट डाग. नमुना क्रमांक तीन. तो सवयीने सरळ कोपऱ्याकडे पोहत गेला, जिथे पोतं असायचं तिथे. तिथे पोतं नव्हतं. त्याने पाय टेकले आणि घसरला. पुन्हा टेकले, पुन्हा घसरला.

“आपका बैंक वाला काग़ज़ और एक फ़ोटो लगेगा,” गौरांग सांगत होते.

“हाँ, हाँ,” सुभाषराव म्हणत होते. पण कान तिकडेच. त्या ओल्या पायांचा पन्नीवर होणारा आवाज अगदी बारीक होता. दुसऱ्या कुणाला तो ऐकूही आला नसता. शेवटी त्यांच्याने राहवेना. “एक मिनट हाँ,” असं म्हणून त्यांनी जाळीची काठी उचलली, काठावर वाकले, हात लांबवला, आणखी थोडा लांबवला, आणि पाय सुटला.

ते पडले असं म्हणणं बरोबर होणार नाही. ते घसरले, सावकाश, बसल्या बसल्या, चेहऱ्यावर आश्चर्य घेऊन. वाटेत कुठे अडायला काही नव्हतंच. हातातली काठी सुटली, चष्मा सुटला आणि खानझोडे साहेब गळ्यापर्यंत पाण्यात.

पोहता येत होतं त्यांना, लहानपणी भोपाळच्या तलावातच शिकले होते. त्यामुळे ते आधी हसले. “काही नाही, काही नाही,” असं वर सांगितलं आणि काठाशी येऊन हात टेकले. हात घसरले. कोपर लावलं, कोपर घसरलं. बुटाची टाच रोवायला गेले तर टाच अशी सरकली की नाकातोंडात पाणी. तीनदा, चारदा. वर गौरांग हात लांबवत होते, हरप्रसाद आपला गमछा सोडत होता, पण उतार लांबडा, गमछा त्यांच्यापर्यंत पोचेना. पाचव्या खेपेला सुभाषरावांचं हसू मावळलं. दंड भरून आले होते. भिजलेली पँट खाली ओढत होती. माणसं चार हातांवर होती, जमीन दिसत होती, आणि धरायला काहीही, काहीही नव्हतं. त्यांना भीती वाटली.

त्यांच्या शेजारी, वीतभर अंतरावर, नमुना तीन तेच करत होता. टेकत होता, घसरत होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

सुलभाताई मात्र ओरडल्या नाहीत की धावाधाव केली नाही. शेतावर लपवायला दुसरी जागाच नव्हती; त्या सरळ मोटारीच्या खोलीत गेल्या, ताडपत्री बाजूला केली, एक पोतं फरफटत आणलं आणि हरप्रसादच्या हातात एक टोक देऊन दुसरं पाण्यात सोडलं. “धरा,” त्या म्हणाल्या.

सुभाषरावांनी पोतं धरलं. गाठींत बोटं रुतली. जीव भांड्यात पडला. पण ते वर येईनात.

“अहो, या ना!”

“थांब,” ते धापा टाकत म्हणाले. “आधी त्याला जाऊ दे.”

नमुना तीनला काही घाई नव्हती. तो पोत्यावर चढला, मधे थांबला, पुन्हा निघाला. साहेब पाण्यात, अभियंते बांधावर, हरप्रसाद पोतं ताणून, सगळे एका भेकाची वाट बघत उभे. तो गवतात दिसेनासा झाला, तेव्हा खानझोडे साहेब चारही पायांवर, म्हणजे दोन हात दोन गुडघ्यांवर, बाहेर आले.

गौरांगनी त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि फार सभ्यपणे म्हणाले, “सर, ये तो हादसा है. कोई भी फिसल सकता है. मैं इसे नहीं गिनूँगा. आपके नंबर वही रहेंगे.”

म्हणजे ‘पास’ अजून तिथेच होतं. नुसतं होकारार्थी मान हलवायची होती. सुभाषरावांनी केसांतलं पाणी झटकलं. टॅबलेटच्या काचेवरचा चाळीसचा आकडा त्यांना चष्म्याशिवाय अंधुकसा दिसत होता.

“काट दीजिए,” ते म्हणाले.

“जी?”

“ये बोरे,” त्यांनी ओल्या पोत्यावर हात ठेवला, “कोनों पर लगे थे. आज सुबह मैंने निकाल के छुपा दिए. आपके लिए. चालीस काटिए और जो मैं बोलता हूँ वो लिखिए.” आणि चौतीस वर्षं ज्या आवाजात त्यांनी शेरे दिले त्याच कोरड्या आवाजात ते सांगू लागले, “दोष : जो अंदर गया, वो बाहर नहीं आ सकता. मेंढक हो या आदमी. नतीजा : रिजेक्ट.”

गौरांगनी टॅबलेट पुन्हा उघडला. “किसने जाँचा, वो भी लिखना पड़ता है, सर.”

सुभाषरावांनी विचार केला. “दो जनों ने,” ते म्हणाले. “मेरा नाम लिख लीजिए. दूसरा अभी घास में गया.”

हरप्रसादला आता हसू आवरेना. गौरांगही हसले. पण सुभाषरावांनी जे सांगितलं ते त्यांनी जसंच्या तसं लिहिलं, आणि जाण्यापूर्वी त्या पोत्याचे, त्याच्या गाठींचे, खालच्या दगडाचे चारही बाजूंनी फोटो काढले. कशासाठी ते बोलले नाहीत.

गाडी गेल्यावर सुभाषराव उठले. कपडे न बदलताच त्यांनी उरलेली तीन पोती बाहेर ओढली आणि पहिल्या कोपऱ्यात खुंटी ठोकायला घेतली. सुलभाताई दुसरं टोक धरून बसल्या.

“वाईट वाटून राहिलं का?” त्यांनी विचारलं.

“वाटून राहिलं ना,” सुभाषराव म्हणाले. “खूप वाटून राहिलं. परफेक्ट म्हणाला होता तो.” त्यांनी खुंटी हलवून पाहिली. हलली नाही. “पण सुलभा, खाली होतो ना मी, तेव्हा माझ्या डोक्यात एकच आलं. त्या अकरांना असंच वाटलं असेल, आणि वरून कुणी पोतं टाकलं नाही.”

सुलभाताईंनी पदराने नवऱ्याचं तोंड पुसलं आणि पुढची खुंटी हातात दिली.